हिंसेबद्दल बाईला विचारताना: दहा बाय दहाच्या खोलीतली संशोधनाची नीती

भारतात किती बायका नवऱ्याची मारहाण सोसतात, याचा सगळ्यात मोठ्या पाहणीतला आकडा मुंबईत तयार होतो. देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम हीच संस्था बघते. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या बायकांपैकी २९.३ टक्के जणींनी सांगितलं, की नवऱ्याने आपल्यावर शारीरिक किंवा लैंगिक हिंसा केली आहे. म्हणजे दहांत जवळजवळ तिघी.

हा आकडा आपण बातम्यांत वाचतो, भाषणांत ऐकतो. पण त्यातल्या प्रत्येक बाईसमोर कुणीतरी बसलं होतं आणि तिला तो प्रश्न विचारला होता. त्या वेळी नवरा कुठे होता? सासू ऐकत होती का? विचारणारी निघून गेल्यावर त्या घरात काय झालं? हिंसेवरच्या संशोधनाची नीती म्हणजे या प्रश्नांची उत्तरं आधीच शोधून ठेवणं. ‘संशोधनाची नीतिमत्ता’ म्हटलं की संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीती समितीची मंजुरी, सहीचा कागद, शिक्का असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. ते सगळं लागतंच. पण या विषयात नीती कागदावर कमी आणि खोलीच्या दारात जास्त पाळावी लागते. आणि मला जे सांगायचं आहे ते असं, की बाईची सुरक्षितता आणि आकड्याचा खरेपणा या इथे दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. जिथे बाई घाबरलेली असते तिथे ती ‘नाही, आमच्याकडे असं काही नाही’ म्हणते, आणि आपण ते उत्तर प्रामाणिकपणे नोंदवून घेतो. बाई धोक्यात आली आणि आकडाही खोटा निघाला, असे दोन्हीकडचे तोटे होतात.

माणसांवरच्या संशोधनाचे नियम मुळात वैद्यकीय प्रयोगांतून आले. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली, १९६४ मध्ये हेलसिंकीचा जाहीरनामा, १९७९ मध्ये अमेरिकेतला बेलमाँट अहवाल. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि सध्याची २०१७ ची आहेत. या सगळ्यांचा गाभा एकच: माणसाला खरं काय ते सांगा, त्याची मर्जी असेल तरच पुढे जा, त्याचं नुकसान करू नका, आणि ज्यांच्या जिवावर ज्ञान मिळवता त्यांच्यापर्यंत त्याचा फायदा पोचवा.

औषधाच्या चाचणीत धोका औषधात असतो. त्याचा डोस ठरवता येतो, त्रास झाला तर ते थांबवता येतं. हिंसेच्या अभ्यासात धोका येतो तो घरातल्या तिसऱ्या माणसाकडून. तो या अभ्यासात कुठेच नाही, त्याने कशावर सही केलेली नाही, आणि त्याला काही कळवायला जावं तर धोका तिथूनच सुरू होतो. म्हणून जुने नियम जसेच्या तसे उचलून चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली घरगुती हिंसेवरच्या संशोधनासाठी नीतीच्या आणि सुरक्षिततेच्या स्वतंत्र शिफारशी काढल्या त्या यासाठीच. त्यांतली पहिली शिफारस अशी, की बाईची आणि संशोधन करणाऱ्या चमूची सुरक्षितता सगळ्याच्या वर, आणि अभ्यासाचे बाकी सगळे निर्णय त्या अंगाने घ्यायचे. मुंबईतही हा विचार त्याच सुमारास जोर धरत होता. सेहत या मुंबईतल्या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्याच्या क्षेत्रातल्या सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली. वैद्यकीय नीतीला वाहिलेलं एक नियतकालिकही नव्वदच्या दशकापासून याच शहरातून निघतं.

एकांत कुठून आणायचा?

सगळ्या मार्गदर्शिका सांगतात: मुलाखत एकांतात घ्या. खोलीत दुसरं कुणी नको. मूल असलंच तर दोन वर्षांच्या आतलं. त्याहून मोठं मूल ऐकतं, लक्षात ठेवतं आणि संध्याकाळी बाबांना सांगतं.

आता हे वाक्य घेऊन मानखुर्दच्या वस्तीत जा. दहा बाय दहाची खोली, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर रात्रपाळी करून आलेला दीर झोपलेला. भिंत म्हणजे पत्रा, आणि पत्र्यापलीकडे शेजारीण. दार बंद केलं तर गल्लीत लगेच चर्चा, ‘यांच्याकडे दार लावून कोण बसलंय?’ दार उघडं ठेवलं तर जाता-येता प्रत्येक जण डोकावणार. लालबाग-परळच्या चाळीत गॅलरी सगळ्यांची असते. तिथे अनोळखी बाई हातात टॅब घेऊन आली, की ‘कसला सर्व्हे?’ म्हणून चार जणी जमतातच. त्यांचा हेतू वाईट नसतो. मुंबईत माणसं एकमेकांच्या आवाजात राहतात, एवढंच.

अशा ठिकाणी एकांत मिळवण्याचं काम प्रश्नावली छापण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. वस्तीत पाणी कधी येतं, नवरे कामावर कधी जातात, शाळा किती वाजता सुटते हे आधी माहीत करून घ्यावं लागतं. पाण्याच्या वेळी कुठलीच बाई बोलणार नाही. दुपारी दोन ते चार ही वेळ एका वस्तीत सोयीची असेल, तर जिथल्या बायका घरकामाला जातात तिथे तीच वेळ कुचकामी ठरेल. घरी जमत नसेल तर दुसरी जागा हवी: आरोग्य केंद्राची मागची खोली, सुट्टीनंतरची बालवाडी, संस्थेचं कार्यालय. पण त्या जागेवर ‘महिला अत्याचार निवारण’ असा फलक असेल तर तिथे जाणारी बाई जातानाच उघडी पडते. जिथे बाईने जाणं नेहमीचं वाटेल अशीच जागा हवी.

आणि एकांत मिळालाच नाही तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा नियम इथे फार महत्त्वाचा आहे. एकांत नसेल तर हिंसेचे प्रश्न विचारायचेच नाहीत. तो भाग कोरा सोडायचा आणि ‘एकांत मिळाला नाही’ अशी नोंद करायची. आकडेवारी करणाऱ्या माणसाला कोरा रकाना बघवत नाही, हे मला ठाऊक आहे. पण कोरा रकाना खरा असतो. सासूसमोर मिळालेलं ‘नाही’ खरं नसतं.

याच सर्वेक्षणात दुसरा नियम असा, की एका घरातून एकाच बाईला हे प्रश्न विचारायचे आणि तिची निवडही चिठ्ठी टाकल्यासारखी, आपल्या मर्जीने नाही. घरात दोन जावा असल्या आणि दोघींना विचारलं, तर दोघींनाही कळतं की दुसरीला काय विचारलं गेलं. मग ‘तू काय सांगितलंस?’ सुरू होतं. त्याच घरातल्या किंवा त्याच गल्लीतल्या पुरुषांना हिंसेबद्दल विचारणंही टाळायचं, कारण नवऱ्याला असे प्रश्न आले की आपल्या बायकोला काय विचारलं असेल हे त्याला लगेच कळतं.

मुलाखत चालू असताना कुणी आत आलं तर काय, याची तालीम आधी करायची असते. प्रशिक्षणात यासाठी एक वेगळी, निरुपद्रवी प्रश्नावली हाताशी ठेवायला शिकवतात. समजा, बाई सांगत होती की गरोदर असताना त्याने पोटात लाथ मारली, आणि दारातून सासूचा आवाज आला, ‘काय गं, कोण आलंय?’ त्याच क्षणी पान उलटायचं आणि त्याच आवाजात विचारायचं, ‘बरं ताई, बाळाला तिसरा डोस कधी दिला?’ बाईलाही हे सुरुवातीलाच सांगून ठेवायचं: कुणी आलं तर मी विषय बदलीन, तुम्ही दचकू नका.

अभ्यासाचं नाव काय सांगायचं?

इथे बरेच विद्यार्थी अडखळतात. जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत २४,००० हून जास्त बायकांशी बोलून जो मोठा अभ्यास केला आणि २००५ साली अहवाल काढला, त्यात अभ्यासाचं नाव घरात आणि वस्तीत ‘बायकांचं आरोग्य आणि आयुष्यातले अनुभव’ अशा वळणाचं ठेवलं होतं. हिंसा हा शब्द दारात उच्चारायचाच नाही.

मग ही फसवणूक नाही का? शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर दोन टप्प्यांत आहे. घरच्यांना मोघम सांगितलेलं चालतं, कारण ते सहभागी नाहीत आणि पूर्ण कळलं तर बाईला धोका आहे. बाईला मात्र पूर्ण सांगायचंच. सुरुवातीला तिची संमती घ्यायची, आणि हिंसेच्या प्रश्नांपाशी आलं की पुन्हा थांबायचं: ‘ताई, आता मी नवऱ्याशी असलेल्या नात्याबद्दल विचारणार आहे. काही प्रश्न अवघड वाटतील. एखाद्याचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, मध्येच थांबायचं असेल तर थांबू. इथे आत्ता बोलायला हरकत नाही ना?’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत कामाचं. धोका कुठे आहे हे बाईला आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळतं.

संमतीच्या कागदाबद्दलही इथे उलटा विचार करावा लागतो. एरवी सही केलेली प्रत सहभागी व्यक्तीकडे ठेवणं हा तिचा हक्क. पण हिंसेच्या अभ्यासाची माहिती छापलेला कागद गादीखाली सापडला तर त्याच रात्री मार बसेल. म्हणून अशा अभ्यासांत तोंडी संमती घेऊन ती मुलाखत घेणारीने नोंदवणं चालतं, अर्थात नीती समितीची आधी मान्यता घेऊन. कागद हवा की नको हे बाईलाच विचारायचं.

फोनवरच्या मुलाखतींनी यात नवी गुंतागुंत आणली. लॉकडाऊनमध्ये घरोघरी जाणं बंद झालं, संशोधन फोनवर आलं, आणि नेमके तेव्हाच नवरे दिवसभर घरी होते. कितीतरी घरांत फोन एकच असतो. असलाच तिचा वेगळा, तर कॉलची यादी बघितली जाते, व्हॉट्सअ‍ॅप वाचलं जातं. त्यामुळे फोनवर पहिला प्रश्न ‘आत्ता बोलता येईल का?’ एवढाच, आणि प्रश्न असे रचायचे की तिला नुसतं ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादा आकडा सांगून भागेल. बाजूला कुणी आलं तर कुठला शब्द बोलून फोन ठेवायचा हे सुरुवातीला ठरवायचं. मेसेज पाठवायचाच नाही, आणि पाठवावा लागला तर त्यात विषयाचा मागमूस नको.

काय विचारायचं, कुणी विचारायचं

‘तुमच्यावर अत्याचार होतो का?’ या प्रश्नाला फार थोड्या बायका हो म्हणतील. अत्याचार म्हणजे वर्तमानपत्रात येतो तो, असं अनेकींना वाटतं. घरातलं भांडण, ‘कधीतरी हात उचलतो’, ‘दारू प्यायल्यावर जरा होतं’ हे त्यांच्या हिशेबात अत्याचारात येत नाही. म्हणून प्रश्न कृतींबद्दल विचारतात: ढकललं का, थोबाडीत मारली का, हात पिरगाळला का, केस ओढले का, लाथ मारली का, गळा दाबला का, भाजायचा प्रयत्न केला का. प्रत्येक कृती वेगळी, आणि पुढे ‘गेल्या बारा महिन्यांत किती वेळा?’ लग्नातल्या लैंगिक जबरदस्तीचंही तसंच. अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती आपल्या कायद्याने अजून बलात्कारात धरलेली नाही, आणि बायकाही तो शब्द वापरत नाहीत. ‘तुमची इच्छा नसताना जबरदस्तीने संबंध ठेवले का?’ असं विचारलं तरच उत्तर मिळतं.

काही प्रश्न मात्र कुठल्याही रूपात विचारू नयेत. ‘मग तुम्ही सोडून का नाही गेलात?’ ‘त्याला राग येईल असं काही केलं होतं का?’ हे प्रश्नच नव्हेत, हे निवाडे आहेत, आणि बाईने ते माहेरी, शेजारी, चौकीत आधीच ऐकलेले असतात. मुलाखत घेणारीच्या चेहऱ्यावर ते उमटले तरी बाई गप्प होते.

आता हे विचारणार कोण? बाईच हवी, हे जवळजवळ सगळीकडे मान्य आहे. पण नुसती बाई पुरत नाही. त्या दहा देशांच्या अभ्यासात सर्बियामध्ये एक गोष्ट दिसली. काही मुलाखती अनुभवी पण या विषयाचं थोडंच प्रशिक्षण मिळालेल्या बायकांनी घेतल्या, काही नवख्या पण पूर्ण प्रशिक्षण घेतलेल्यांनी. नवख्या पण तयार झालेल्या बायकांकडे जास्त जणी बोलायला राजी झाल्या, आणि हिंसेबद्दल त्यांनी सांगितलंही जास्त. प्रशिक्षण सुमारे तीन आठवड्यांचं होतं, आणि त्यात स्त्रीपुरुष विषमता, आपल्या मनातले पूर्वग्रह, रडणाऱ्या बाईसमोर कसं बसायचं, गप्प कसं राहायचं हे सगळं होतं. पैसे वाचवायला प्रशिक्षण कापणाऱ्यांनी हे नीट बघावं. कापलेल्या प्रशिक्षणाची किंमत आधी बाई मोजते आणि नंतर आकडा.

मुलाखत घेणारी त्याच वस्तीतली असावी का? यावर मतं वेगळी आहेत. वस्तीतली असेल तर भाषा, वेळा, वाटा तिला माहीत. पण तीच अडचण: ‘हिला सांगितलं तर उद्या नळावर सगळ्यांना कळेल.’ मला शेजारच्या वस्तीतली बाई बरी वाटते. ती तितकीच जवळची आणि तरी परकी असते. जातीचा, धर्माचा, बोलीचा फरकही मध्ये येतो, आणि त्याचा विचार नेमणूक करतानाच व्हायला हवा.

या बायकांवर काय गुजरतं, हे मंजुरीच्या कागदांत क्वचितच येतं. दिवसाला तीन-चार कहाण्या ऐकून कुर्ल्याहून बदलापूरची लोकल पकडायची आणि घरी जाऊन स्वयंपाक करायचा. त्यांच्यातल्या काहींनी स्वतः मार खाल्लेला असतो. समोरची बाई आपलीच गोष्ट सांगते आहे असं वाटून त्या हलतात. म्हणून रोज संध्याकाळी चमूने एकत्र बसून बोलणं, दिवसाच्या मुलाखतींना मर्यादा घालणं, लागेल तिला समुपदेशन देणं आणि काम सोडायचं असेल तर मान खाली न घालता सोडता येणं, या सगळ्यासाठी खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून रक्कम हवी.

सांगून झाल्यावर

त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्के जणींनी कुणाकडे तरी मदत मागितलेली असते. याचा अर्थ नीट बघा. प्रश्नावली घेऊन गेलेली बाई ही कितीतरी जणींसाठी हे ऐकणारी पहिलीच व्यक्ती असते. अशा वेळी ‘धन्यवाद ताई, येते’ म्हणून उठता येत नाही.

पण मुलाखत घेणारी समुपदेशक नव्हे, वकीलही नव्हे. ‘पोलिसात जा’, ‘घटस्फोट घ्या’, ‘जुळवून घ्या’ यांतलं काहीच तिने सांगायचं नाही. ऐकायचं, ‘तुमची यात चूक नाही’ एवढं स्पष्ट म्हणायचं, आणि मदत कुठे मिळते ते दाखवायचं. त्यासाठी मदतीच्या जागा आधीच शोधून, तिथल्या लोकांशी बोलून ठेवलेल्या असाव्या लागतात. या बाबतीत मुंबई देशातल्या बऱ्याच शहरांपेक्षा नशीबवान आहे, आणि ते नशीब बायकांच्या चळवळीने कमावलेलं आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सोबतीने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्यामुळे पोलिसांच्या यंत्रणेतच सामाजिक कार्यकर्ती भेटू लागली. या शतकाच्या सुरुवातीला सेहत आणि महापालिकेने मिळून वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी दिलासा केंद्र उघडलं. रुग्णालयाच्या आवारातलं देशातलं हे पहिलं असं केंद्र, आणि पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ती सुरू झाली. रुग्णालयात जाण्याला निमित्त लागत नाही, दवाखान्यात चालले म्हटलं की झालं. त्याशिवाय १८१ आणि मुंबई पोलिसांची १०३ या हेल्पलाइन आहेत.

हे सगळं एका कार्डावर छापून दिलं तरी पुन्हा तोच धोका. म्हणून कार्डावर लसीकरण केंद्र, रक्तपेढी, रेशन कार्यालय यांच्या नंबरांमध्ये हे नंबर मिसळलेले असतात, आणि कार्ड सगळ्याच बायकांना मिळतं, हिंसेबद्दल सांगणारीला आणि न सांगणारीलाही. काही जणींना तेही नको असतं. त्या नंबर पाठ करतात.

गुप्ततेचं वचन देतानाही ते कुठवर पाळता येईल हे आधी सांगायला हवं. इथे कायदा माहीत असणं भाग आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, पण कळवलंच पाहिजे असं बंधन नाही. प्रौढ बाईच्या वतीने तिच्या मनाविरुद्ध तक्रार करणं म्हणजे तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्याकडून काढून घेणं. अठरा वर्षांखालच्या मुलीचं मात्र वेगळं आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्हा कळला की कुणालाही तो पोलिसांना कळवावाच लागतो, संशोधकालाही. सतरा वर्षांची लग्न झालेली मुलगी बोलायला लागली तर? मार्ग एकच: बोलायच्या आधी तिला सांगायचं, की अमुक प्रकारची गोष्ट तू सांगितलीस तर ती मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. हे सांगितल्यावर ती कदाचित बोलणार नाही. त्याचं वाईट वाटतं. पण वचन देऊन मोडणं त्याहून वाईट. वकिलाला अशिलाची गुप्तता राखायचं कायद्याचं संरक्षण आहे, संशोधकाला तसं नाही. न्यायालयाने नोंदी मागवल्या तर त्यांत नावं नसणं हाच बचाव. म्हणून नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळी ठेवायची आणि काम संपलं की यादी नष्ट करायची.

नुकसान न करणं हा नियम तुलना करणाऱ्या अभ्यासांत सगळ्यांत जास्त ताणला जातो. काही वस्त्यांत हिंसा रोखण्याचं काम करायचं, काहींत नाही, आणि फरक मोजायचा. मग ज्या वस्तीत काम नाही तिथल्या मार खाणाऱ्या बाईचं काय? मुंबईतल्या स्नेहा या संस्थेने वस्त्यांमध्ये अशा प्रकारची चाचणी केली तेव्हा वस्तीपातळीवर गट बांधण्याचं काम काही ठिकाणी होतं, पण संकटात असलेल्या बाईसाठी मदतीची दारं दोन्हीकडे उघडी होती. मोजायचं ते गटांच्या कामाचं फळ. मदत अडवून धरून काही मोजायचं नाही.

पैशांबद्दल थोडक्यात: घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा झाला तर तेवढी भरपाई द्यावी. पण रक्कम इतकी मोठी नको की पैशासाठी तिने धोका पत्करावा, आणि ती रोख हातात देताना ‘हे कुठून आले?’ याचं उत्तरही तिच्याकडे असायला हवं.

आकडा छापताना

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘धारावीत राहणारी, तीन मुलींची आई, नवरा बेस्टमध्ये कंडक्टर, भाऊ नगरसेवकाच्या कार्यालयात’ एवढं लिहिलं की नावाची गरजच उरत नाही. बलात्कार सोसलेल्या बाईची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पण गुन्हा होत नसेल तिथेही निकष हाच हवा: तिच्या नणंदेने हा परिच्छेद वाचला तर ती ओळखेल का?

आकड्यांचा अर्थ लावतानाही तितकीच जबाबदारी आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशाचा आकडा ३१.२ टक्के होता, पाचव्यात २९.३. हिंसा घटली? कर्नाटकात तोच आकडा २०.६ वरून ४४.४ वर गेला. चार-पाच वर्षांत तिथले नवरे दुपटीने मारायला लागले? दोन्ही वेळी लक्षात ठेवायला हवं, की हे आकडे घडलेल्या हिंसेचे नसून सांगितलेल्या हिंसेचे आहेत. सांगण्याचं धाडस वाढलं, विचारणाऱ्या बायका चांगल्या तयार झाल्या, तरी आकडा वर जातो. साथीच्या दिवसांत एकांत मिळाला नाही, तरी तो खाली जातो.

आणि मुंबईपुरती एक गोष्ट मला फार डाचते. सर्वेक्षणाची माणसं वस्तीत सहज शिरतात, टॉवरच्या गेटवर वॉचमन त्यांना अडवतो. त्यामुळे या शहरातल्या हिंसेबद्दलचं बरंचसं लेखन वस्त्यांबद्दल असतं, आणि वाचणाऱ्याच्या मनात ठसतं की मारणारे नवरे तिथेच राहतात. ज्या बायकांनी विश्वासाने दार उघडलं त्यांच्याच माथी, त्यांच्या जातीच्या आणि धर्माच्या माथी बदनामी येते, आणि एकविसाव्या मजल्यावरच्या बाईला तिच्यासारख्या आणखी किती जणी आहेत हे कधी कळत नाही. अहवालात वस्तीचं नाव छापण्याआधी संशोधकाने हे डोक्यात ठेवलंच पाहिजे.

मुंबईच्या महाविद्यालयांत दरवर्षी कितीतरी मुलं-मुली प्रबंधासाठी हा विषय निवडतात. तळमळ खरी असते, पण हातात दीड महिना, प्रशिक्षण नाही, मदतीच्या संस्थेशी ओळख नाही. त्यांना माझं सांगणं आहे, की दारोदार जाऊन बायकांना विचारू नका. समुपदेशकांशी बोला, वकिलांशी बोला, न्यायालयाचे निकाल वाचा, सर्वेक्षणाची प्रसिद्ध झालेली आकडेवारी तपासा. ज्या प्रश्नाचं उत्तर आधीच नोंदलेलं आहे त्यासाठी पुन्हा एखाद्या बाईची जखम उघडायची गरज नाही.

आणि उद्या तुमच्या दारात कुणी अशी प्रश्नावली घेऊन आलं, तर तुम्हालाही विचारता येतं: तुम्ही कुठल्या संस्थेच्या? हे कशासाठी? माझं नाव कुठे जाईल, कोण वाचेल? मध्येच थांबले तर चालेल ना? अडचण आली तर कुणाला फोन करू? नीती समितीने मंजूर केलेल्या अभ्यासात या प्रत्येकाचं उत्तर तयार असतं, आणि समितीचा संपर्कही मागितला की द्यावा लागतो. उत्तर देताना समोरची व्यक्ती चाचपडली, किंवा ‘ते काही नाही हो, दोनच मिनिटं लागतील’ म्हणाली, तर दार लावून घ्यायला हरकत नाही.